मिळेल त्या सामानाचा आवाज

गिटारचा व्हॉल्व्हवर, म्हणजे रेडिओतल्या काचेच्या नळ्यांवर, चालणारा अ‍ॅम्प्लिफायर कुणा वादकानं शोधून काढला नाही, आणि तो एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेतही जन्मला नाही. तो केला रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी. हे सांगताना माझी मान थोडी ताठ होते, कारण मीही त्याच पंथाचा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या बोळांत मी मर्फी आणि फिलिप्सचे सेट उघडायला शिकलो. आता उतारवयात लंडनच्या पश्चिम टोकाला, साउथॉलमध्ये, मुलाच्या गॅरेजात जुने गिटार अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो. साउथॉलच्या बाजारातून जाणारा अक्सब्रिज रोड पूर्वेला धरला की पुढचं गाव हॅनवेल. तिथे ७६ नंबरच्या गाळ्यात १९६० साली जिम मार्शल नावाच्या ड्रमवादकानं ड्रमचं दुकान टाकलं. जगभरच्या रॉक मैफिलींत वादकांच्या मागे काळ्या पेट्यांची जी भिंत दिसते, ती या दुकानातून निघाली.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट बजावतो: सगळं अस्सल राहिलं पाहिजे, मूळचा एकही भाग हलवायचा नाही. मी मान डोलावतो. पण या पेट्यांचा इतिहास ठाऊक असलेल्याला त्या मागणीचं थोडं हसूही येतं. ते का, हे सांगायला आधी कॅलिफोर्नियात जावं लागेल.

तिथल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर हा हिशेबनीस होता. महामंदीत नोकरी गेली तेव्हा सहाशे डॉलर उसने घेऊन त्यानं १९३८ साली रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. तिथे रेकॉर्डी विकायच्या, सभा-सामन्यांना लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, आणि गावात वाजवायला येणाऱ्या मंडळींचे बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर नीट करून द्यायचे. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या साउंडवाल्याचा धंदा याहून वेगळा नव्हता. लहानपणी त्याचा एक डोळा गेला होता, आणि त्याला स्वतःला गिटार कधीच वाजवता आली नाही. पण दुरुस्तीला आलेल्या शेकडो पेट्यांत नेमकं काय तुटतं, हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. १९४६ साली त्यानं स्वतःच्या नावाची कंपनी काढली, तेव्हा त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरांत हे शहाणपण उतरलं. चेसिस चार स्क्रू काढले की बाहेर येतं. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स एका पट्टीवर ओळीनं मांडलेले, म्हणजे कुठलाही भाग दुसऱ्याला धक्का न लावता काढता यावा. कॅबिनेटच्या आत व्हॉल्व्हचा नकाशा चिकटवलेला. दुरुस्ती करणाऱ्यानं दुरुस्ती करणाऱ्यासाठी केलेली ही रचना आहे. मी पहिल्यांदा फेंडरची पेटी उघडली तेव्हा त्या माणसाला मनोमन नमस्कार केला होता.

आतलं सर्किट मात्र त्याचं एकट्याचं नव्हतं. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या आरसीएसारख्या कंपन्या जाडजूड माहितीपुस्तकं छापत आणि त्यांत तयार सर्किटं देत, कारण सर्किटं वापरली गेली तरच व्हॉल्व्ह खपणार. वेस्टर्न इलेक्ट्रिकसारख्यांच्या पेटंटांचे परवाने वापरल्याचं फेंडरच्या जुन्या पेट्यांवरच्या चिठ्ठीत सरळ छापलेलं असतं. कसलीही लपवाछपवी नाही. त्या काळचे सगळेच याच पुस्तकांतून घेत आणि आपल्या कानाप्रमाणे किमती बदलत. आणखी एक गोष्ट मला त्या पेट्यांत फार आवडते. पन्नासच्या दशकातल्या चेसिसच्या आत मास्किंग टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर ती जोडणी करणाऱ्या बाईचं पहिलं नाव पेन्सिलीनं किंवा पेननं लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या सोल्डरिंगचं बरंचसं काम मेक्सिकन वंशाच्या बायका करत. लिओचं नाव पुढच्या पॅनेलवर आणि ज्या हातांनी ते काम केलं त्यांचं आत, अंधारात. पण निदान ते आहे तरी. आमच्या पेठेतल्या कारागिराचं नाव कुठल्या सेटमध्ये सापडायचं?

फेंडरच्या मालिकेतला ‘बासमन’ हा बास गिटारसाठी केलेला अ‍ॅम्प्लिफायर. त्याची १९५८ ते १९६० या काळातली आवृत्ती आमच्या धंद्यात ५एफ६-ए या क्रमांकानं ओळखली जाते. पंचेचाळीस वॅटच्या आसपास ताकद, मागून उघडी पेटी, त्यात दहा इंची चार स्पीकर, वर सामानाच्या बॅगांना लावतात तसलं पिवळसर कापड. बासवाल्यांसाठी केलेली ही पेटी साध्या गिटारवाल्यांनीच पळवली. मार्शलची गोष्ट इथून सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. डॉलर वाचवायचे म्हणून अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर १९५९ पर्यंत बंदी होती. ती उठली तेव्हा क्लिफ रिचर्डनं आपल्या साथीदारासाठी, हँक मार्विनसाठी, थेट अमेरिकेतून फेंडरची गिटार मागवली. तसल्या गिटारची इथली पोरं दुकानाच्या काचेला नाक लावून स्वप्नं बघत. बंदी उठली तरी किमती खाली आल्या नाहीत. आयातीचा खर्च आणि कर धरून फेंडरचा अ‍ॅम्प्लिफायर पबमध्ये वाजवणाऱ्या पोराच्या आवाक्याबाहेरच राहिला. ब्रिटिश बनावटीचा पर्याय होता तो डार्टफर्डच्या टॉम जेनिंग्जचा व्हॉक्स. त्याचा एसी-३० डिक डेनीनं आखला आणि पुढे बीटल्सनी तो गाजवला. तो उत्तमच आहे. पण त्याचा आवाज चकचकीत, खणखणीत. काही पोरांना हवा होता जाड, खरखरीत आवाज.

जिम मार्शलची दुकानदारी ड्रमवर चालली होती. लहानपणी हाडांच्या क्षयानं त्याची कित्येक वर्षं प्लॅस्टरमध्ये गेली होती, शाळा जवळपास नव्हतीच. पुढे टॅपडान्स, गाणं, ड्रम आणि मग ड्रमच्या शिकवण्या, असं करत त्यानं भांडवल जमवलं. ड्रम शिकायला येणारी पोरं आपल्या बँडमधल्या गिटारवाल्यांना घेऊन येऊ लागली. पीट टाउनझेंड आणि रिची ब्लॅकमोर हे त्यांतले. सेंट्रल लंडनमधल्या दुकानांत या पोरांना कुणी धड विचारत नसे. हॅनवेलला त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाई. त्यांनी गिटारी ठेवायला सांगितल्या, मग अ‍ॅम्प्लिफायर, आणि शेवटी म्हणाले, आम्हाला हवा तसा आवाज कुणाचाच नाही, तुम्हीच करा.

मार्शलला सर्किटातलं काही कळत नव्हतं. काम केलं दुकानातल्या दुरुस्तीवाल्यानं, केन ब्राननं. तो आधी पॅन-अ‍ॅम विमानकंपनीत रेडिओ तंत्रज्ञ होता. त्याच्या मदतीला आला डडली क्रेव्हन, हेझमधल्या ईएमआयचा अठरा-एकोणीस वर्षांचा शिकाऊ मुलगा. दुकानात एक बासमन होताच. तो उघडून बघितला आणि तसाच करायचा ठरला. १९६२ साली दुकानाच्या पाठीमागे आणि एका बागेतल्या खोपट्यात जोडणी झाली. आधीचे काही नमुने बाद झाले. जो पसंत पडला तो दुकानात मांडला, आणि मार्शल स्वतः सांगत असे की पहिल्याच दिवशी त्याला तेवीस मागण्या आल्या. नाव जेटीएम ४५. जिम आणि त्याचा मुलगा टेरी यांची आद्याक्षरं.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. ही नक्कल होती. सर्किटाची आखणी रेघ न् रेघ फेंडरची. तरी आवाज वेगळा निघाला. का? तर बाजारात जे मिळालं ते घातलं म्हणून.

बासमनच्या पहिल्या टप्प्यात १२एवाय७ हा व्हॉल्व्ह असतो. लंडनच्या दुकानांत तो सहज मिळत नव्हता. ईसीसी८३ मात्र प्रत्येक रेडिओवाल्याच्या खणात पडलेला. दोन्हींच्या पिना सारख्या, पण वर्धनांक वेगळा: पहिल्याचा ४४, दुसऱ्याचा १००. म्हणजे त्याच गिटारचा तोच संकेत पहिल्या टप्प्यातूनच बराच मोठा होऊन पुढे धडकतो आणि पुढचे व्हॉल्व्ह लवकर भरून जातात. भरलेला व्हॉल्व्ह लाटेचे माथे गोलसर कापतो, आणि तीच ती जाड खरखर. शेवटच्या टप्प्यातले अमेरिकी ५८८१ हेही इथे दुर्मिळ आणि महाग. त्यांच्या जागी आले केटी६६, हॅमरस्मिथच्या एम-ओ व्हॉल्व्ह कंपनीचे, तोवर लीक आणि क्वाडसारख्या घरगुती संगीतयंत्रांत वापरले जाणारे. ट्रान्सफॉर्मर सुट्या भागांच्या रेडिओस्पेअर्स या कंपनीच्या यादीतून निवडलेला. चेसिस पोलादाऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं. दहा इंची अमेरिकी स्पीकरांऐवजी सेलेस्टियनचे बारा इंची. ते नाजूक होते, दोनांत ताण सोसेना, म्हणून एका पेटीत चार घातले. पेटी मागून बंद केली. वरचा भाग तिरका केला तो दिसायला बरा म्हणून, असं मार्शलच सांगत असे. पुढे १९६६च्या सुमारास केटी६६ जाऊन ईएल३४ आला, कारण तो स्वस्त पडत होता, आणि आवाज पुन्हा बदलला. ज्याला सगळं जग ‘मार्शलचा आवाज’ म्हणतं तो हा, साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला, काटकसरीतून आलेला.

या सगळ्यात आवाज फाटावा असं अभियंत्यांच्या मनात मुळीच नव्हतं. मुलार्ड कंपनीनं १९५९ साली अ‍ॅम्प्लिफायर सर्किटांचं जे पुस्तक छापलं, त्याचं पान न् पान विकृती कमी कशी करावी यावर आहे. गिटारवाल्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि त्या पुस्तकाच्या नेमकं उलट टोकाला जाऊन पोचले. १९६६ साली एरिक क्लॅप्टन वेस्ट हॅम्पस्टेडमधल्या डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंगला गेला तेव्हा मार्शल पूर्ण आवाजात लावूनच वाजवीन, म्हणून अडून बसला. ध्वनिमुद्रकांचे डोळे पांढरे झाले. ती रेकॉर्ड आली आणि तंत्रज्ञांनी ज्याला दोष म्हटलं होतं तो गुण होऊन बसला. टाउनझेंडला त्याआधीच याहून मोठा आवाज हवा झाला होता, म्हणून १९६५ साली शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि आठ स्पीकरांची एक प्रचंड पेटी तयार झाली. ती उचलताना हमालांची कंबर मोडायला लागली, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले. ती भिंत अशी झाली. जिमी हेंड्रिक्सला मार्शलच्या दुकानात आणला तो त्याचा ड्रमवादक मिच मिचेल यानं. तो मार्शलकडेच ड्रम शिकला होता आणि दुकानात कामालाही होता.

मागच्या हिवाळ्यात हॅनवेलचेच एक सत्तरीचे गृहस्थ त्यांचा १९६५चा जेटीएम ४५ घेऊन आले. तरुणपणी पबमध्ये वाजवायचे. नंतर लग्न, नोकरी, आणि पेटी खोपट्यात. ‘चालू करून बघितला का?’ हा माझा पहिला प्रश्न. नाही म्हणाले, आणि मला बरं वाटलं. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या पेटीला सरळ वीज देणं म्हणजे तिचा खून. आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले असतात. ते शॉर्ट झाले की पहिला बळी मेन ट्रान्सफॉर्मरचा, आणि तो पुन्हा मिळत नाही. मी पुण्यात शिकलो तसाच आजही शंभर वॅटच्या बल्बचा सिरीज बोर्ड वापरतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. त्याआधी सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवायचे. कंडेन्सरांत उरलेली वीज रेझिस्टन्स लावून सावकाश उतरवायची. या पेट्यांत साडेचारशे व्होल्टच्या आसपास डीसी असतं, आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरांत दबा धरून राहतं. माझ्या उस्तादांचा नियम एका हाताचा: दुसरा हात खिशात.

ती पेटी उघडली तेव्हा मेनची वायर लाल, काळी आणि हिरवी. ब्रिटनमध्ये १९७०च्या आसपास हे रंग बदलून तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा झाले. पुण्यात मात्र मी कैक वर्षं लाल-काळ्यावरच काम केलं, त्यामुळे इथल्या तरुण कारागिरांना कोड्यात टाकणारी वायर मला घरची वाटली. रबर मात्र कडक होऊन भेगाळलेलं, ते बदललंच. वीजपुरवठ्याचे ३२-३२ मायक्रोफॅरडचे डबे फुगलेले. मोहरीच्या रंगाचे पिवळे कंडेन्सर, ज्यांना इथे मस्टर्ड म्हणतात, मोजून पाहिले तर बहुतेक सगळे शाबूत. त्यांना हात लावला नाही. एक लाख ओहमचे रेझिस्टन्स सव्वा लाखाला पोचलेले, त्यांतले आवाज करणारे तेवढे काढले. सत्तरच्या दशकात कुणीतरी पॅनेलला भोक पाडून आणखी एक व्हॉल्यूम बसवला होता. ती त्या काळची फॅशन होती: आवाज कमी ठेवून खरखर मिळवायची. गृहस्थ म्हणाले, ते भोक बुजवून मूळचं करा. मी नको म्हटलं. व्हॉल्यूम काढून सर्किट मूळपदावर आणलं, भोकाला साधी टोपी बसवली. ते भोकही या पेटीच्या आयुष्याचाच भाग आहे.

पहिल्या टप्प्याचा व्हॉल्व्ह मेलेला होता. खोक्यातून मी एक ईसीसी८३ काढून लावला. त्यावर बीईएलचा शिक्का होता. गृहस्थांनी चष्मा वर करून विचारलं, हा अस्सल नाही ना?

मग मी त्यांना सांगितलं. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं, म्हणजे बीईएलनं, बंगळूरजवळ जलहळ्ळीला १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली ती फिलिप्सच्या सहकार्यानं. ब्रिटनमधली मुलार्ड ही कंपनीही १९२७ पासून फिलिप्सच्याच मालकीची. म्हणजे ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला ईसीसी८३ आणि बंगळूरचा ईसीसी८३ हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की. आमच्या तरुणपणी आयात परवान्याशिवाय परदेशी अ‍ॅम्प्लिफायर आणणं सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. पुण्यातले ऑर्केस्ट्रावाले गिटार सभेच्या अहुजा अ‍ॅम्प्लिफायरला जोडत, आणि त्यात जरा जास्त जोर यावा म्हणून आम्ही बंगळूरचे व्हॉल्व्ह घालून काहीबाही फेरफार करून देत असू. हॅनवेलच्या दुकानात १९६२ साली जे झालं तेच आम्ही बुधवार पेठेत करत होतो. फरक इतकाच, की आमच्याकडे कुणी जिम मार्शल नव्हता, जो ते स्वतःचं नाव लावून विकेल. बीईएलचे ते व्हॉल्व्ह आज परदेशातले गिटारवाले शोधून शोधून, चढ्या दरानं घेतात.

दुसरीकडे ‘मुलार्ड’ हे नाव आज ज्या नव्या व्हॉल्व्हवर दिसतं, ते व्हॉल्व्ह ब्लॅकबर्नला बनत नाहीत. ट्रान्झिस्टर आला तसे ब्रिटनमधले कारखाने एकेक करून मिटले. केटी६६ करणारी हॅमरस्मिथची कंपनी १९८८ मध्ये बंद झाली. मुलार्डचं नाव एका अमेरिकी कंपनीनं विकत घेतलं आणि ती माल करून घेते रशियातल्या साराटोव्हला. तिथे सोव्हिएत काळापासूनचा कारखाना टिकून होता. त्याखेरीज व्हॉल्व्ह बनतात ते स्लोव्हाकियात चाद्झा इथे आणि चीनमध्ये. २०२२च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धामुळे रशियाची निर्यात काही काळ थांबली तेव्हा व्हॉल्व्हचे भाव एका आठवड्यात आकाशाला भिडले. माझे नेहमीचे विक्रेते फोन उचलेनासे झाले. मार्शल कंपनीही आता हॅनवेलची उरली नाही. कारखाना साठच्या दशकातच ब्लेचलीला गेला, जिम २०१२ मध्ये वारला, आणि २०२३ मध्ये एका स्वीडिश कंपनीनं तो सारा कारभार घेतला.

म्हणून अस्सल कशाला म्हणायचं याबद्दल माझं मत आता पक्कं आहे. ट्रान्सफॉर्मर, चेसिस, पट्टीवरची मांडणी आणि स्पीकर जपावेत. आवाज तिथे असतो, आणि ते पुन्हा घडत नाहीत. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, वायर आणि व्हॉल्व्ह या झिजणाऱ्या वस्तू आहेत. त्या बदलाव्यात, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून मालकाला परत द्यावा. मूळच्या कारागिरांनी खणात जे होतं ते लावलं. साठ वर्षांपूर्वीच्या वाळलेल्या कंडेन्सरला देव मानून पेटी जाळून घेण्यात त्यांची कसली आठवण?

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळांच्या, देवळांच्या, जुन्या साउंडवाल्यांच्या माळ्यांवर व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर अजून पडून आहेत. भंगारवाला ते वजनावर घेतो आणि ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं काढतो. त्याला देऊ नका. पेटी चालते का ते बघायला प्लगही लावू नका. व्हॉल्व्हचं काम येणारा एखादा म्हातारा मेकॅनिक तुमच्या गावात अजून असेल. आधी त्याला बोलवा, आणि जमलं तर त्याच्याशेजारी एखाद्या तरुण पोराला बसवा.